मिरचीच्या मधातले काटेरी कण

मंदे, परवा तुझ्या घरी जमलेल्या बायकांत एकीनं मला विचारलं, "तुम्ही मंदाताईंच्या कोण?" मी म्हटलं, "भांडणातली भागीदार." बाईनं तोंडाला पदर लावला आणि जरा सरकून बसली. अशा वेळी असं बोलू नये म्हणतात. पण खरं तेच होतं ना वं! मी ना तुझ्या नात्याची, ना जातीची, ना शेजारची. तू रामदासपेठेतली, मी कामठीची, आणि आपल्या दोघींत एम.एस्सी.च्या वर्षापासून चालू असलेलं एक भांडण. ते तू अर्धं टाकून गेलीस. याचा मला भयंकर राग आलाय. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मला सुखानं लिहिता येईल.

लिहायला बसलं की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय वं कौसल्ये, भाषण देऊन राहिली का?" देऊ दे ना. आज मधे बोलायला तू नाहीस, तर जरा देते.

सरांनी मला विषय दिला, नागपूरच्या आसपासच्या मधातले परागकण. तेव्हा तू सगळ्यात जास्त हसलीस. तुला फुटाळा तलावातलं शेवाळ मिळालं होतं आणि तरी तू मला हसत होतीस! पण पहिला मध धुतला त्या दिवशी शेवाळ राहिलं बाजूला आणि तूच माझ्या मायक्रोस्कोपला चिकटलीस. कोमट पाण्यात मध विरघळवायचा, नळीत भरून ते हातानं फिरवायचं यंत्र गरगर फिरवायचं, तळाशी बसलेला गाळ काचेवर घ्यायचा, थोडा रंग, थोडी ग्लिसरीनची जेली. मग भिंगाखाली एकेक कण उघडा पडायचा. चार खाचांचा तो संत्र्याचा. गुळगुळीत, एकाच भोकाचा तो गवताचा. माशी रस घ्यायला फुलात शिरते, अंगाला पराग लागतो, तो मधात उतरतो, आणि दर झाडाचा कण निराळा. एवढंच शास्त्र. माझ्या आईला ते तू एका वाक्यात सांगितलंस, "माशी कुठी कुठी फिरून आली, ते माशीले नाही, मधाले विचारायचं." आई हातमागावरून मान न उचलता म्हणाली, "पोट्ट्या कुठी कुठी फिरून येतात, ते सांगणारं काही निघालं का?"

आणि फिरलो तर किती! मधातले कण ओळखायचे तर आधी प्रत्येक फुलाचा पराग आपल्याजवळ हवा. तुझी सायकल पुढं, माझी मागं. तेलंखेडीच्या बागेत माळी आपल्यामागं लागला, तर तू सायकलवरूनच त्याला ओरडून सांगितलंस, "काका, एकच कळी घेतली, तेही सरकारच्या कामासाठी!" कुठलं सरकार आणि कुठलं काम! भाजीबाजारात आपण फुलावर आलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागायचो. भाजीवाली म्हणायची, "ह्या पोरींले सैपाकातलं काही समजत नाही. फुलावर गेलेला सांबार कोणी नेते का?" तू गंभीर तोंडानं म्हणायचीस, "आमच्या घरी असाच चालते, बाई." मला हसू आवरायचं नाही.

तुझ्या घरी मात्र जे चालायचं नाही, ते अजिबात चालायचं नाही. अंगणात कुंपणाला जास्वंद. सकाळी अंघोळ करून गणपतीची फुलं तू तोडायचीस, ते काम तुझं. मग तशीच कॉलेजात. माझा जीव खालीवर. जास्वंदीचा पराग मोठा, काटेरी, बोटाला लागला की निघत नाही. मी तुला साबणानं हात धुवायला लावायची, वर स्पिरिट चोळायला लावायची. "तुझा गणपती माझ्या काचेवर नको बसवू," असं म्हणायची. तू म्हणायचीस, "बसला तर बसला, तुमच्याकडचे तर सगळे देव निघून गेले, एक तरी पाहुणा म्हणून येऊ दे." दुसऱ्या कोणी हे बोललं असतं, तर मी तोंड बघितलं नसतं त्याचं. छप्पनच्या दसऱ्याला आमच्या घरचे देव निघाले, तेव्हा मी परकर सावरत बाबांच्या मागं चालत होते. ती आमच्या घरातली सगळ्यात आनंदाची आठवण. तुला ती मी सांगितली होती आणि तू डोळे मोठे करून ऐकली होतीस. म्हणून तुला चिडवायची मुभा होती.

महिन्यातले ते चार दिवस तुझ्या घरी तू बाजूला. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. देवघराच्या उंबऱ्याकडे बघायचंही नाही, फुलाला हात लावणं तर दूरच. पण कॉलेज बुडवायचं नाही, हा तुझ्या बाबांचा हुकूम. म्हणजे झालं काय, की ना स्वयंपाक, ना पूजा, ना पाहुण्यांपुढं चहा नेणं, चारही दिवस तू प्रयोगशाळेत शिपाई कुलूप लावेपर्यंत. "देवाले मी चालत नाही, मायक्रोस्कोपले चालते," असं म्हणत यायचीस. मला आधी राग यायचा. आमच्याकडं आई सगळे दिवस मागावर बसायची, तिला कोण बाजूला बसवणार होतं? मी म्हणायची, "तू ऐकून काहून घेते वं?" तू म्हणायचीस, "सुट्टी मिळून राहिली ना, मग? तुझ्या आईले विचार, तिले पाहिजे का." आईला विचारलं. आई म्हणाली, "चार दिवस? मले तर चार घंटे भेटले तरी चालते."

दिवाळीनंतर माझ्या मामानं मध पाठवला. मामाचं गाव भिवापूरच्या पलीकडं, चारी बाजूंनी मिरचीची शेतं, आणि त्याच्या घराच्या भिंतीत सातेरी माश्यांचं पोळं. मिरचीच्या फुलांचा मध! कॉलेजभर चर्चा. शिपायानं बोट बुडवून चाखला आणि म्हणाला, "हट्, तिखट तर लागतच नाही." नेमका तो धुवायच्या वेळी मला ताप भरला आणि मी कामठीला अंथरुणावर. जानेवारी संपत आलेला, प्रबंध लिहायचा राहिलेला. तू निरोप धाडलास, "झोपून राहा. मले सुट्टी आहे." त्या बरणीतला सगळा मध तू त्या चार दिवसांत धुतलास, काचा केल्यास, नावं घातलीस, आणि मी उठून आले तेव्हा त्या ट्रेमध्ये ओळीनं मांडलेल्या होत्या. अशी मैत्रीण असावी बाई! हे मी तुला तेव्हा म्हटलं नाही, कारण पहिलीच काच बघून मी किंचाळले.

मिरचीचे बारके कण होते, तुरीचे होते, गवताचे होते. आणि त्यांच्यामधे गोखरूसारखे काटे असलेले मोठाले गोळे. एक नाही, प्रत्येक काचेवर.

"माय वं! मंदे, तुझी जास्वंद!"

"नाही."

"नाही कशी? दिसून राहिली ना!"

"मी फुलाले शिवलीच नाही, तर येईल कुठून? मी बाजूची होती ना त्या दिवशी, बुद्दू!"

मी खाली बसले. खरंच की. ज्या दिवशी तू फुलं तोडून यायचीस, त्या दिवसांच्या काचा स्वच्छ होत्या. साबण, स्पिरिट, माझा आरडाओरडा, सगळं कामी आलं होतं. आणि जिथं फूल तुझ्या हातात येणंच शक्य नव्हतं, तिथंच हे काटे. म्हणजे ते मधातलेच होते. माशीनं आणलेले. तू टेबलावर थाप मारलीस, "पऱ्हाटी! कापसाचा कण काटेरीच असतो." मी म्हटलं, "कापूस नाही, अंबाडी. मामा मिरचीच्या धुऱ्या-बांधावर अंबाडी लावतो." दोन्ही जास्वंदीच्याच कुळातले. मोजून बघितलं, तर जेलीत कण फुगतात, मापावर कोणाचा विश्वास? तू म्हणालीस पऱ्हाटी, मी म्हटलं अंबाडी. प्रबंधात मी 'कापूस-अंबाडी कुळातील' असं लिहिलं. तू म्हणालीस, "भित्री."

तोंडी परीक्षेचा दिवस तुला आठवत असेलच. नागपूरचा मे महिना, खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, आणि बाहेरगावचे परीक्षक, ज्यांचं नाव आपण पुढं कधी घेतलं नाही, नुसतं 'ते' म्हणायचो. माझं काय पणाला लागलं होतं, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या वस्तीतली इतकी शिकलेली मी पहिली मुलगी. एका मुलींच्या कॉलेजात जागा होती, पास झाले की घेऊ म्हणाले होते. बाबा तर मी पास झालेच असं धरून सगळ्या लूमवाल्यांना सांगत सुटले होते. नापास झाले असते, तर वर्ष गेलं असतं, ती जागा गेली असती, आणि पुढच्या वर्षी मला कोणी शिकू दिलं असतं की माग गळ्यात आला असता, हे मला माहीत होतं.

त्यांनी भिवापूरची काच लावली. बघत राहिले. मग वर न बघताच म्हणाले, "मिरचीच्या शेतात जास्वंद?"

मी म्हटलं, "सर, जास्वंद नाही. त्याच कुळातलं..."

"पूजा करून येता का तुम्ही?"

"आमच्याकडं पूजा नसते सर. आम्ही बौद्ध."

"मग या काचा कोणी केल्या?"

मी तुझं नाव सांगितलं. तुला बाहेरच्या व्हरांड्यातून बोलावलं. आणि तू आत आलीस, मंदे, वेणीत लालभडक जास्वंद खोचून! आईनं परीक्षा म्हणून गणपतीवरचं फूल तुझ्या केसांत घातलं होतं. आमच्या सरांनी डोळेच मिटले. परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं, तुझ्या डोक्याकडं बघितलं आणि प्रबंध मिटवला. "काचा अशुद्ध असतील, तर बाकीच्या कामावर मी विश्वास कसा ठेवू?" ते काही वाईट बोलत नव्हते. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मला उत्तर माहीत होतं. अगदी जिभेवर होतं. पण ते माझं नव्हतं वं, तुझं होतं. ज्या गोष्टीला आपल्या घरच्या बायकाही 'कावळा शिवला' म्हणून आडून बोलायच्या, ती मी तुझ्या वतीनं दोन पुरुषांपुढं कशी उघडी करणार होते? वर्ष गेलं, असं मनाशी म्हणून टाकलं.

तू म्हणालीस, "सर, त्या चार दिवसांत मी फुलाला हात लावलेला नाही."

"एवढ्या खात्रीनं कसं सांगता? रोज पूजेची फुलं तोडता ना?"

"रोज तोडते. त्या दिवसांत तोडू देत नाहीत." तू एक श्वास घेतलास. "सर, माझी पाळी होती. त्या दिवसांत आमच्या घरी देवाचं काही शिवायचं नसतं. खोटं वाटत असेल, तर माझ्या आईला विचारा. मी काय करते, यावर तिचं तुमच्यापेक्षा बारीक लक्ष असतं."

माय वं! सर बेसिनमध्ये बघायला लागले, जणू तिथं काही पडलंय. शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आत येत होता, तो तसाच उलट्या पावली गेला. तुझे कान जास्वंदीसारखे लाल झाले होते, पण मान वर. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता दोघींना बाहेर काढतात. त्यांनी काच परत भिंगाखाली घेतली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ठीक आहे. मग हे कण कशाचे?"

"पऱ्हाटी," तू म्हणालीस.

"अंबाडी," मी म्हटलं.

दोघी एकदम! आणि मग तिथंच जुंपली. तू मला म्हणतेस, "धुऱ्यावरच्या दोन ओळी अंबाडीच्या, आणि पलीकडं एकरभर पऱ्हाटी, माशी आंधळी आहे का?" मी म्हणते, "माशीले एकर समजते का वं?" आपण कुठं उभ्या आहोत, समोर कोण बसलंय, काही शुद्ध नाही. शेवटी त्यांनी टेबलावर टिचकी मारली. "बाई, भांडण बाहेर जाऊन करा. तुम्ही पास आहात." मी बाहेर आले आणि व्हरांड्यात रडायला लागले, आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणालीस, "रडून काहून राहिली? आधी पऱ्हाटी म्हण."

शिपायानं अर्थातच ते बाहेर सांगितलं. संध्याकाळपर्यंत कॉलेजला कळलं, दोन दिवसांत रामदासपेठेला. तुझ्या आईनं अबोला धरला. एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, त्यांनी निरोप पाठवला की मुलगी फार धीट आहे. तू म्हणालीस, "बरं झालं, त्याले भित्री पाहिजे होती, तुझं नाव सुचवू का?" पुढं वसंतराव तुला बघायला आले. पोह्यांची बशी हातात धरूनच त्यांनी विचारलं, "मी ऐकलं ते खरं का?" तू म्हणालीस, "हव." ते म्हणाले, "मग मला पसंत आहे. तुम्हाला मी पसंत आहे का, ते सावकाश सांगा." हे तू मला इतक्यांदा सांगितलंस, की त्या पोह्यांत शेंगदाणे जास्त होते, हेही मला पाठ आहे.

मला ती नोकरी लागली. आजही त्याच कॉलेजात शिकवते आहे. आणि भांडण? ते तर वाढतच गेलं. तुझं पोस्टकार्ड यायचं, एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला एकच शब्द, 'पऱ्हाटी'. मी उलटटपाली 'अंबाडी'. माझ्या मुलाच्या जन्मानंतर तुझी तार आली, 'अभिनंदन पऱ्हाटी'. सासऱ्यांनी फोडली, दोनदा वाचली आणि घाबरून विचारलं, "सूनबाई, कापसाचं काही झालं का?" एकदा तर आपण मामाच्या शेतात धुऱ्यावर बसून राहिलो, आज निकालच लावायचा म्हणून. माशी आली. पऱ्हाटीवर बसली. तू उड्या मारायला लागलीस. ती उठली आणि अंबाडीवर गेली. मामा म्हणाला, "दोघींचंही मन राखून राहिली बापा!" आपण दोघी त्याच्यावरच चिडलो. परतीच्या बसमध्ये तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "पहिले कुठं बसली? ते सांग ना, पहिले कुठं बसली?"

एकदाच मी तुझे आभार मानायला गेले. आपली पोरं अंगणात खेळत होती, तू लोणच्याच्या कैऱ्या चिरत होतीस. मी म्हटलं, "मंदे, त्या दिवशी तू बोलली नसतीस ना..." तू विळीवरून हात न काढता म्हणालीस, "आभार नको मानू, पऱ्हाटी मान." तो विषय तिथंच संपला. म्हणून आज मानते. उलटून बोलायला तू नाहीस, हा एवढाच आजचा फायदा. माझं शिक्षण, माझी नोकरी, बाबांचा ताठ कणा, हे सगळं तुझ्या त्या एका वाक्यावर उभं आहे आणि त्या वाक्यासाठी तुला काय लागलं असेल, हे मला पुढं आई झाल्यावर कळलं.

दवाखान्यात शेवटची भेटलीस तेव्हा आवाज जवळजवळ गेला होता, पण खोड गेली नव्हती. मला खुणेनं जवळ बोलावलंस. "आता तरी म्हण." मला म्हणता आलं असतं. एवढासा शब्द, एवढंसं सुख. पण मी म्हटलं, "अंबाडी." आणि तू हसलीस, अशी हसलीस की ठसका लागला आणि नर्स मला रागवायला धावत आली. खोट्यानं जिंकवलं असतं, तर तू मला कधी माफ केलं नसतंस.

आता एकच गोष्ट सांगायची राहिली. तुला ठाऊक नाही, कारण तू होतीस आणि नव्हतीस.

तुला अंगणात ठेवलं होतं. बायका आत-बाहेर करत होत्या, फाटकाशी पुरुष बांबू बांधत होते. तुझी मीनू ओट्यावर खांबाला धरून एकटी उभी. पंधरा वर्षांची पोर, आई समोर, आणि ही तिथं का उभी, मला कळेना. मी जवळ गेले. तिनं माझ्या कानात सांगितलं, "कौसल्यामावशी, मी बाजूची आहे. आत्या म्हणते, आईला शिवायचं नाही."

माझ्या अंगात आग उठली. मी आत्याकडं वळलेच होते, तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांत माझी जीभ एवढी तरी सुटली होती. पण मीनूनं माझा हात धरला.

"मावशी, आई खरंच बोलली होती का? त्या सगळ्यांसमोर?"

"हव," मी म्हटलं. "खरंच बोलली होती."

तिनं माझा हात सोडला आणि ओट्याच्या पायऱ्या उतरली. अंगणाच्या मधोमध उभं राहून, फाटकाशी उभ्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी पाळी आहे. आणि आईला पाणी मी पाजणार आहे." बांबू बांधणारे हात थांबले. आत्या बाजूला सरकली. वसंतराव उठले, पाण्याचं भांडं त्यांनी स्वतः पोरीच्या हातात दिलं. मंदे, तुझ्या तोंडात शेवटचं पाणी मीनूनं घातलं.